इंडक्शन घेण्याआधी खिशात लोहचुंबक टाका

नवी इंडक्शन शेगडी आणली, हौसेनं त्यावर पितळी भगुणं ठेवलं आणि शेगडी नुसती टीं-टीं करत बसली. परभणीत आमच्या घरी पहिल्या दिवशी हेच झालं. खोका उचलून मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो, पण दोष भगुण्याचा होता.

गॅसवर जाळ भांडं तापवतो. इंडक्शनमध्ये जाळ नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते, त्यामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात वीजप्रवाह खेळवतं आणि बूड स्वतःच तापतं. त्यामुळे भांड्याचं बूड लोखंडी जातीचंच लागतं. पितळ, तांबं, साधं ॲल्युमिनियम, मातीचं गाडगं यातलं काहीच चालत नाही.

म्हणून आधी घरातलीच भांडी तपासा. फ्रिजवर चिकटवलेलं लोहचुंबक घ्या आणि भांड्याच्या बुडाला लावा, काठाला नव्हे. ओढून काढावं लागलं तर भांडं चालेल. घसरून पडलं तर ते गॅसवरच राहू द्या. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात उलटी रीत आहे: चुंबक चिकटलं की स्टील हलकं, असं म्हणून बायका भांडं बाजूला सारतात. ३०४ नंबरच्या चांगल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं, पण ते इंडक्शनला उपयोगी नाही. तिथे ४३० नंबरचं, चुंबक धरणारं स्टील लागतं. जाड बुडाच्या चांगल्या भांड्यात आतून ३०४, बाहेरून ४३० आणि मधे ॲल्युमिनियमचा थर असतो. दोन पैसे जास्त गेले तरी हेच घ्या, पातळ बुडात पिठलं करपतं. कुकर ॲल्युमिनियमचा असला तरी बुडाला स्टीलची चकती बसवलेली असेल तर चालतो.

मग बूड सपाट आहे का बघा. पालथ्या भांड्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून डोळ्यासमोर धरा. पट्टीखालून उजेड दिसला तर बूड वाकलेलं आहे. आठवडी बाजारातला ठोकलेला खोलगट तवा इथेच नापास होतो. बूड साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बऱ्याच शेगड्या भांडं ओळखतच नाहीत, त्यामुळे फोडणीची पळी विसरा.

प्लग १६ अँपिअरचाच हवा. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते, ६ अँपिअरचं बटण त्यात वितळेल. घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. लाईट गेली की गॅस, म्हणून सिलिंडर विकून टाकण्याची घाई नको.

फोडणी करताना तेल आधी, बटण नंतर. रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवली तर तेल हातात घेईपर्यंत ती धगधगते, बूड वाकतं. ८०० वॅटवर तेल तापू द्या, मोहरी तडतडली की पुढचं. काम झाल्यावर बटण बंद करा, पण आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काच गार झाल्यावर लिंबाच्या फोडीनं निघतात. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेगडीजवळ उभं राहू नये.

आता भाकरी. तवा बिडाचा घ्या, म्हणजे ओतीव लोखंडाचा, बीड जिल्ह्याचा नव्हे. तळ सपाट हवा. तो काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात. बीड सावकाश तापतं, म्हणून मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं द्या. भाकरी टाकून वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा. दुसरी बाजू भाजली की पुन्हा पालटा आणि फडक्याची चुंबळ करून कडेकडेनं दाबत भाकरी तव्यावरच फिरवा. ज्वारीचं पीठ ताजं असेल तर टम्म फुगते. माझी आई तीही भाकरी खाते, पण पहिला घास घेताना दरवेळी म्हणते, "आराचा वास नाही बघ हिला."