एक्स-रे शिकताना या चुका टाळा

शिकाऊ तंत्रज्ञांच्या हातून मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे केव्ही (एक्स-रे नळीचा विद्युतदाब, किलोव्होल्टमध्ये) आणि एमएएस (नळीतील विद्युतप्रवाह गुणिले वेळ) ही एकाच कामाची दोन बटणे आहेत, असे समजणे. एमएएस वाढवले की किरणांची संख्या वाढते; केव्ही वाढवले की त्यांची भेदनशक्तीही वाढते आणि हाड व मांस यांच्यातील फरक पुसट होऊ लागतो. हाडातील कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, तर मांसातील ऑक्सिजनचा ८ आहे. कमी ऊर्जेच्या किरणांचे शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनानुसार वाढते, म्हणून हाड पांढरे उठून दिसते, परंतु ऊर्जा वाढताच हे शोषण झपाट्याने घटते आणि कॉम्प्टन प्रकीर्णनाचा, म्हणजे किरण इलेक्ट्रॉनांवर आदळून इतस्ततः विखुरण्याचा, वाटा वाढून चित्र करडे होते.

फिल्मच्या काळात एका शिकाऊ मुलाने ५५ केव्हीवर घेतलेली मनगटाची फिल्म फिकी आली. त्याने घाईघाईने केव्ही ७५ केले. फिल्म गडद झाली खरी, पण हाडांच्या कडा करड्या रंगात विरघळल्या. मी पहिली फिल्म पुन्हा प्रकाशपेटीवर लावली, तेव्हा हाडाच्या आतली बारीक जाळी तिच्यात दिसत होती, म्हणजे किरण हाड भेदून गेले होते, फक्त अपुरे होते. ५५ केव्ही तसेच ठेवून एमएएस दुप्पट केल्यावर स्कॅफॉइड या मनगटातल्या लहान हाडावरची केसासारखी भेग दिसली. तीनदा एक्स-रे काढावा लागलेल्या त्या रुग्णाबद्दल मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून आधी जाळी पाहायची आणि मगच बटणाला हात लावायचा, हा माझा नेम आहे. डिजिटल यंत्र चित्राचा उजेड आपोआप सावरते, त्यामुळे तेथे किरणांची जादा मात्रा डोळ्यांना दिसतही नाही. चित्र सुंदर आले म्हणून निश्चिंत होऊ नये.

हाड किरण परावर्तित करते म्हणून पांढरे दिसते, हा समज चुकीचा आहे. हाडामागे किरण कमी पोहोचतात, एवढेच. रुग्ण किरणोत्सारी होत नाही. ८० केव्ही म्हणजे प्रत्येक फोटॉन (किरणांचा ऊर्जाकण) ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, असेही नाही. ती केवळ कमाल मर्यादा आहे.

एक्स-रेच्या शोधाचा इतिहास ‘योगायोग’ या एका शब्दात गुंडाळणेही मला खटकते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्गमध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांची विद्युत-विसर्जन नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली असताना बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा चमकला, हे खरे. पण त्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी कागद, लाकूड, धातू एकेक करून किरणांच्या वाटेत ठेवले, चुंबकाने किरण वळत नाहीत हे तपासले, २२ डिसेंबरला पत्नीच्या हाताचे चित्र घेतले आणि २८ डिसेंबरला निबंध सादर केला. अशा नळ्या तेव्हा इतरही अनेक प्रयोगशाळांमध्ये होत्या.

शेवटची चूक घाईची. नळीतील ॲनोडवर (धन अग्रावर) आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के उष्णतेत जाते, त्यामुळे सकाळी थंड नळीवर थेट मोठे एक्स्पोजर दिल्यास टंगस्टनचा ॲनोड तडकू शकतो. उत्पादकाने सांगितलेली लहान एक्स्पोजरे आधी द्यावीत आणि त्या काही मिनिटांत रुग्णाला बोलावू नये.