गोधडी विकायला निघण्याआधी: हस्तकलेच्या बाजारात पहिला स्टॉल लावताना

माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी 4 गोधड्या विकल्या, प्रत्येकी 900 रुपयांना. चारही गेल्या म्हणून परतीच्या एसटीत मी खूप खुश होते. रात्री सासूबाईंनी विचारलं, "एका गोधडीला किती दुपारी बसलीस, माय?" बोटांवर मोजलं तर 20 दुपारी, रोज 3 तास. कापड, अस्तर, दोरा मिळून 400 रुपये गेलेले. उरले 500 आणि तास झाले 60. म्हणजे तासाला जेमतेम 8 रुपये, आणि त्यात जाण्यायेण्याचं भाडं अजून धरलंच नव्हतं. "मग खुरपायला गेली असतीस तर बरं नव्हतं का?" असं त्या म्हणाल्या, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्याकडे लातूर-बीडच्या बायका गोधडी शिवतात, तांड्यावरच्या बंजारा बायका आरशा-कवड्यांचा कशिदा काढतात, बुरूड भाऊ सुपं-दुरड्या विणतात, छत्रपती संभाजीनगरात हिमरू हे रेशीम-सुती कापड आणि पैठणला पैठणी मागावर आहे. या सगळ्यांना लोक आता प्रदर्शनात, मॉलच्या आवारात, दिवाळीच्या बाजारात बोलावतात. जाणाऱ्याने काय तयारी करायची ते मी इथे गोधडीच्या उदाहरणाने सांगते, कारण ते काम माझ्या हातातलं आहे. हिशेबाची रीत सगळ्यांना सारखीच लागू पडते.

सगळ्यात आधी तास मोजा

एक वही करा. वस्तू हातात घेतली की वेळ लिहायची, खाली ठेवली की वेळ लिहायची. कंटाळवाणं काम आहे, पण एका वस्तूपुरतं तरी पूर्ण करा. अंदाजाने सांगितलेले तास नेहमी कमी निघतात, कारण जुनी लुगडी उसवणं, धुणं, वाळवणं, घड्या जुळवून थर लावणं हे आपण कामात धरतच नाही.

आता तुमच्या गावात शेतात बाईला जो रोज मिळतो तो घ्या. समजा 8 तासांचे 300 रुपये. 60 तास म्हणजे साडेसात रोज, म्हणजे 2250 रुपये. ही झाली मजुरी. त्यात सामानाचे 400 मिळवले की 2650. ही वस्तूची घरातली किंमत. याच्या खाली विकणं म्हणजे स्वतःच्या मजुरीतून गिऱ्हाइकाला पैसे देणं.

यावर बाजाराचा खर्च चढतो. तीन दिवसांच्या प्रदर्शनाचं स्टॉलभाडं 1500, सामानासकट येणंजाणं 600, जेवणखाण 600 आणि तीन दिवस तुम्ही शिवणकाम सोडून तिथे बसणार त्याचे 900. एकूण 3600. तिथे साधारण 24,000 ची विक्री होईल असं धरलं तर हा खर्च विक्रीच्या 15 टक्के झाला. म्हणजे 100 रुपयांतले 85 च तुमच्या हातात राहतात. म्हणून 2650 ला 85 ने भागा आणि 100 ने गुणा. येतात 3118. मी अशा गोधडीला 3200 लावते.

आकडा पाहून पोटात गोळा येईल. माझ्याही आला होता. पहिल्यांदा 3200 ची चिठ्ठी लावली तेव्हा गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देता येईना. पण 5 बाय 7 फुटांची गोधडी, दीड-दीड सेंटीमीटरवर धावदोऱ्याची एकेक ओळ, म्हणजे शंभर ओळी, आणि एक ओळ 7 फुटांची. म्हणजे 700 फूट टाका. एवढं अंतर हाताने शिवून पाहिलेल्या बाईला तो आकडा मोठा वाटत नाही. मागायची लाज जाते ती अशी मोजल्यावरच.

काय न्यायचं

फक्त गोधड्या घेऊन गेलात तर दिवसभर लोक हात लावून, कौतुक करून पुढे जातील. 3200 रुपये खिशात घेऊन बाजारात फिरणारे थोडे. म्हणून तीन पायऱ्यांचा माल ठेवा. वर मोठ्या गोधड्या, चार-पाच पुरेत. मध्ये बाळाची दुपटी, पूजेची आसनं, उशीचे अभ्रे. खाली 100 ते 250 रुपयांच्या वस्तू: पिशवी, बटवा, भाकरीच्या टोपल्यात घालायचं कापड. या खालच्या वस्तूंनाही तोच हिशेब लावा. अर्ध्या रोजात होणारी पिशवी, 150 मजुरी, 45 चं कापड, मग बाजारखर्च चढवला की 230 च्या आसपास येते. उरलेल्या चिंध्यांची म्हणून 80 ला देऊ नका, चिंधी फुकट असली तरी दुपार फुकट नव्हती.

स्टॉलभाडं निघतं ते बहुतेक या लहान वस्तूंवर. मोठी गोधडी लोकांना थांबवते आणि पिशवी घेऊन लोक जातात.

तांड्यावरच्या ताईंना एक सांगणं. आजीच्या पेटीतली जुनी फेटिया (घागरा) किंवा कांचळी (चोळी) विकायला नेऊ नका. व्यापारी तेच मागतात, चांगले पैसेही दाखवतात. पण तो नमुना घरात राहिला तरच पुढची मुलगी त्यावरून टाका शिकेल. स्टॉलवर दाखवायला जरूर टांगा, त्यावर "विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावून.

कुठे आणि कधी

आठवडी बाजार हा गोधडीचा बाजार नाही. तिथे माणूस आठवड्याचं मीठ-मिरची घ्यायला येतो, त्याच्यापाशी वेळही नसतो आणि सैल पैसाही नसतो. सुपं, टोपल्या, पणत्या, झाडू यांना मात्र आठवडी बाजारासारखी दुसरी चांगली जागा नाही, कारण तिथलं गिऱ्हाईक त्या वस्तू रोज वापरतं आणि चांगलं-वाईट हाताने ओळखतं.

जत्रेला जायचं तर जत्रा कशाची आहे ते पाहा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो, तिथे शेतकरी, भटके-विमुक्त समाज, लोककलावंत येतात. जनावरांचा साज, घोंगडी, घुंगरं तिथे विकली जातात, नाजूक कशिद्याचा बटवा तिथे पडून राहील. तुळजापूरला येणारा माणूस देवीची आठवण म्हणून काहीतरी हातात घेऊन जायला निघालेला असतो, कवड्यांची माळ आणि परडी तो शोधतोच. वेरूळ आणि बीबी का मकबऱ्याजवळ येणारा पाहुणा लांबून आलेला, त्याला बॅगेत मावेल असंच हवं. शहरातल्या प्रदर्शनात मोठी गोधडी खपते.

आणि हंगाम. मराठवाड्यात गावातल्या माणसाच्या हातात पैसा येतो सोयाबीन आणि कापूस विकल्यावर. पोळ्याच्या आधी घराघरात ओढाताण असते, तेव्हा दारात आलेल्या कारागिराला नाही म्हणताना लोकांनाही वाईट वाटतं. दिवाळी ते संक्रांत हा आपला काळ. थंडीही असते, गोधडी अंगावर घेऊन पाहिली की सोडवत नाही. पण त्यासाठी शिवायला उन्हाळ्यातच बसायला हवं.

बचत गटात असाल तर उमेद, म्हणजे ग्रामीण बचत गटांसाठीचं राज्य सरकारचं अभियान, त्याच्या तालुक्याच्या कार्यालयात आधीच नाव द्या. मुंबईला दरवर्षी भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात ग्रामीण गटांना त्यांच्या मार्फत जागा मिळते.

स्टॉल मांडताना

जागा बहुधा लहान मिळते, दोन टेबलं आणि मागे एक कनात. सोबत सुतळी, कपड्यांचे चिमटे, सेफ्टी पिना, कात्री, स्वच्छ पांढरी चादर, एक ताडपत्री आणि विजेची एक्स्टेन्शन वायर न्या. ताडपत्री विसरू नका. आपल्याकडे अवकाळी पाऊस विचारून येत नाही, आणि भिजलेली गोधडी तीन दिवस वाळत नाही.

सगळा माल टेबलावर रचू नका. घडी घातलेली गोधडी म्हणजे कापडाचा गठ्ठा. एक पूर्ण उघडून मागे टांगा, दुसरीचा कोपरा टेबलावरून खाली सोडा म्हणजे उलटी बाजू दिसेल. हातकामाची खूण उलट्या बाजूलाच असते. पैठणीचे काठ-पदर दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, हिमरूच्या मागे मोकळे सुटलेले धागे दिसतात, गोधडीच्या मागेही तोच टाका उमटतो. पॉवरलूमचा आणि छापाचा माल शेजारच्याच स्टॉलवर अर्ध्या किमतीत असेल, तेव्हा बोलून फार पटत नाही. वस्तू उलटी करून दाखवा.

प्रत्येक वस्तूला किंमतीची चिठ्ठी हवीच. न लिहिलेली किंमत विचारायला लोक संकोचतात आणि पुढे जातात. चिठ्ठीवर मराठीत दोन ओळी लिहा: काय आहे, कुणी केलं, किती तास लागले. "60 तास" हे मोठ्या अक्षरात.

आणि रिकामे बसू नका. मी अर्धी गोधडी मांडीवर घेऊन शिवत बसते. सुई चालताना पाहिली की माणूस थांबतो, आजीची आठवण काढतो, लेकराला बोलावून दाखवतो. माझ्या निम्म्या गोधड्या तशा थांबलेल्या माणसांनीच घेतल्या.

भाव करताना

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "भवानीची वेळ आहे, कमी करा." मी भाव मोडत नाही. त्याऐवजी भवानीला एक छोटी कापडी पिशवी वस्तूबरोबर देते. तिचा खर्च मी आधीच धरलेला असतो. गिऱ्हाईकही खुश आणि दुसऱ्याला सांगितलेला भावही खोटा ठरत नाही. 3200 सांगून 2200 ला देणं मला पटत नाही. ज्याने घासाघीस केली नाही त्याला आपण फसवलं, असं त्यात होतं.

"एवढ्यात दोन ब्लँकेटं येतात की!" हे वाक्य दिवसातून दहादा ऐकाल. रागावू नका, बोलणाऱ्या बाईला खरंच माहीत नसतं. मी कोपरा तिच्या हातात देते आणि म्हणते, "ताई, एक ओळ मोजा." चार-सहा टाके मोजेपर्यंत तिचा आवाज बदलतो. ती घेईलच असं नाही, पण कमी करा म्हणत नाही.

माल जाकड देऊ नका. एका दुकानदाराने "विकल्यावर पैसे देतो" म्हणून माझ्या 6 गोधड्या ठेवून घेतल्या. दोन वर्षांनी 3 परत मिळाल्या, उंदराने कुरतडलेल्या. द्यायचाच असेल तर कागदावर नग, किंमत, तारीख आणि सही घ्या. ऑर्डर आली तर निम्मा विसार घेतल्याशिवाय कापड कापू नका.

कागदपत्रं आणि पैसे

क्यूआर कोड छापून न्या, पण जत्रेत गर्दीमुळे मोबाइलला रेंज जाते, म्हणून 10-20-50 च्या नोटांचे सुटे हजारभर रुपये जवळ ठेवा. पैसे आल्याचा फोटो नव्हे, स्वतःच्या फोनवरचा मेसेज पाहा. राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे, कागदी किंवा कापडी पिशव्याच न्या.

हस्तकला कारागिरांसाठी केंद्र सरकारचं पहचान कार्ड आहे, ते काढून घ्या. मागावरच्या विणकरांची नोंद वेगळ्या, हातमागाच्या कार्यालयात होते. कुंभार, शिंपी, टोपल्या-चटया-झाडू करणारे आणि पारंपरिक खेळणी करणारे यांना 2023 साली सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजनाही आहे. तिच्यात 18 व्यवसाय येतात, प्रशिक्षण मिळतं आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते.

परत आल्यावर

त्याच रात्री, थकलेलं असलं तरी, वहीत लिहा: काय गेलं, काय उरलं, कशाला लोकांनी हात लावला पण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आठवत नाही. हात लावून सोडलेली वस्तू नीट पाहा. माझ्या लाल काठाच्या दुपट्यांना सगळे हात लावायचे आणि घ्यायचे मात्र नाहीत. शेवटी एका आजीबाईंनी सांगितलं, काठाचा दोरा बाळाच्या गालाला टोचेल. तेव्हापासून दुपट्याचा काठ मी जुन्या मऊ सुती लुगड्याचाच लावते.

उरलेल्या गोधड्यांना एक दिवस कडक ऊन दाखवा, घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि घडी दर महिन्याला बदला, म्हणजे एकाच जागी मोड पडत नाही. ज्यांनी फोन नंबर देऊन "सवडीने सांगते" म्हटलं होतं, त्यांना आठवड्याच्या आत फोन करा, आणि पलंगाचं माप त्यांच्याकडूनच टेपने मोजून घ्या, वितीने सांगितलेलं घेऊ नका.