सोलापूरहून कासच्या फुलांकडे

कासचं पठार बघायचं ते भाद्रपदात. फाल्गुनात आपल्याकडे फुलणारा पळस शेतापलीकडूनही नजरेत भरतो. कासची बरीचशी फुलं मात्र बोटाच्या पेराएवढी, आणि पाऊस ओसरता ओसरता येणारी. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहर चालतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीतल्या बायकांना घेऊन मी जाते ते महालक्ष्म्या उठल्यावर, आणि मधल्या वारी. घरची धावपळ उरकलेली असते, शनिवार-रविवारची गर्दीही टळते.

एक तयारी सोलापुरातच करा. ती मी सगळ्यात महत्त्वाची मानते. सकाळी हिप्परग्याच्या तलावाकडे किंवा नान्नजच्या रस्त्याला जा, एखाद्या बांधावर हातातली बांगडी ठेवा आणि तेवढ्याच गोलात काय काय आहे ते दहा मिनिटं बसून बघा. विष्णुकांताचं निळं फूल, सराट्याचं पिवळं, कुसळीच्या काडीवर चढणारी मुंगी. "इथं काय बघायचं?" म्हणणारी बाई थोड्या वेळानं स्वतःच दुसरीला बोलावून दाखवायला लागते. तरवड आणि कुर्डू कुणालाही दिसतात, त्यासाठी बसावं लागत नाही. ही बसायची सवय नसली की कासला माणूस रंगाचा एक मोठा पट्टा बघतो, फोटो काढतो आणि तासाभरात गाडीकडे वळतो.

पठारावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, म्हणून ऑनलाइन नोंदणी आधीच करा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. त्यासाठी आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम हवाच. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव या वाटेनं गाडीला पाच-सहा तास लागतात. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटानं पठार साधारण पंचवीस किलोमीटर. एसटीनं जाणाऱ्यांना साताऱ्याच्या स्टँडवरून बामणोलीकडे जाणारी गाडी मिळते, ती कासवरूनच जाते.

कपड्यांबाबत माझं ऐका. आपल्या कोरड्या हवेतली माणसं छत्री घेऊन निघतात, पण पठार साधारण बाराशे मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. टोपीचा रेनकोट घ्या. जांभ्या कातळावर शेवाळ धरलेलं असतं, तिथं चप्पल घसरते. खाच असलेले बूट आणि मोज्यांचा जादा जोड हवा. साडीपेक्षा सलवार बरी. कडक भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, त्या दमट हवेत ती लगेच मऊ पडते. प्रवासाला धपाटे आणि शेंगाचटणी उत्तम. पण जेवण पठारावर उघडू नका, खाली वाहनतळाजवळच उरका.

आता चालणं. कुमुदिनी तळ्याकडे जाणारी राजमार्गाची वाट बरीचशी सपाट आहे. माझ्या नणंदबाई गुडघे धरून चालतात, त्याही काठी घेऊन आरामात जातात. दर थोड्या अंतरावर थांबा आणि वाटेच्या कडेलाच खाली बसा. गुलाबी तेरडा आणि पांढरे गेंद उभ्यानंही दिसतील. त्यांच्या पायाशी ओलसर जागेत निळसर-जांभळी सीतेची आसवं असतात. कातळावरच्या पातळ मातीत नत्र फार कमी, म्हणून ही वनस्पती मातीतल्या मुळासारख्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानावरच्या केसांना चिकट थेंब असतात, कीटक बसला की तिथंच अडकतो. हे दोन्ही भिंगातून बघा; शाळेच्या दप्तरातलं साधं भिंगही चालतं. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके दिसले तर तो कवला, ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात. डबक्यात दोन फाट्यांचा तुरा दिसला तर तो वायतुरा, याच भागातला. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोनकीचा पिवळा रंग वाढत जातो. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा भरभरून फुलते, बाकीच्या वर्षी तिचे गोल झुडपी गोळे तेवढे दिसतात. तळ्यावर पोचलात की कुमुदिनी बघा. पांढऱ्या पाकळ्यांवर बारीक केस असतात. काठाला उन्हाची तिरीप आली की ते चमकतात.

वाट सोडून एकही पाऊल नको, फोटोसाठीसुद्धा नाही. कातळावर माती जेमतेम थर धरून आहे, आणि चवर आणि आमरी यांचे कंद त्याच थरात पुढच्या पावसाची वाट बघत असतात. तुडवलेल्या जागी माती दबते, पाणी मुरत नाही, आणि पुढच्या वर्षी तिथं फूल येत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचा समावेश झाला, तेव्हापासून माणसं खूप वाढली. वाट राखणारी आसपासच्या गावांतली मंडळी आवाज देतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. आमच्या गटातल्या मुलींना मी आधीच बजावते: तोडलेलं फूल केसात तासभरही टिकत नाही, ते तिथंच राहू दे.

धुकं आलं तर घाबरून परतू नका. अर्धा-पाऊण तास बसून राहा, बरेचदा ते सरकतं. परतताना यवतेश्वरच्या घाटात गाडीचे दिवे लावा आणि हळू उतरा. रात्री वेळेत सोलापूर गाठायचं असेल तर दुपारी एकच्या आत सातारा सोडा.