किनाऱ्यालगत वाहणाऱ्या वाळूचा अंदाज कसा काढावा

चेन्नई बंदराच्या भिंती 19व्या शतकात समुद्रात उभ्या राहिल्या आणि दक्षिणेकडून येणारी वाळू त्यांच्यापाशी अडली; त्यामुळे मरिनाची पुळण रुंदावत गेली, तर उत्तरेला रोयापुरमकडचा किनारा समुद्राने खाल्ला. असे बांधकाम करण्यापूर्वी वाळू किती आणि कोणत्या दिशेला वाहते, हे काढणे आवश्यक असते.

प्रथम नकाशावर किनारारेषेला लंब काढावा. मग लाट जेथे फुटते तेथील तिची उंची, म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी, आणि तिच्या दिशेचा त्या लंबाशी होणारा कोन घ्यावा. खोल समुद्रातील कोन येथे चालत नाही, कारण उथळ पाण्यात लाट किनाऱ्याकडे वळत जाते आणि फुटेपर्यंत तो कोन बराच लहान झालेला असतो.

अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी रूढ केलेल्या सूत्रात गुणांक 0.39, वाळूची घनता 2,650 व समुद्रजलाची 1,025 किलोग्रॅम प्रति घनमीटर, वाळूच्या कणांमधली पोकळी 40 टक्के आणि फुटणाऱ्या लाटेच्या उंचीचे पाण्याच्या खोलीशी प्रमाण 0.78 धरले, तर उंचीचा (मीटरमध्ये) 2.5वा घात, कोनाच्या दुपटीचा साइन आणि 7,850 यांचा गुणाकार म्हणजे दिवसाचे घनमीटर. 1 मीटरची लाट 5 अंशांनी आल्यास उत्तर सुमारे 1,360 येते. लाट 2 मीटरची झाली की तेच 7,700 होते. म्हणून वर्षाची सरासरी उंची सूत्रात घालू नये, वादळी दिवस स्वतंत्र धरावेत. खरी कसोटी मात्र कोनाची असते: 5 ऐवजी 6 अंश धरले, तरी उत्तर जवळपास 20 टक्क्यांनी फुगते.

हिशेब महिनावार करावा आणि दिशेनुसार अधिक-उणे चिन्ह द्यावे. चेन्नईला नैर्ऋत्य मोसमी काळात वाळू उत्तरेकडे, तर ईशान्य मोसमी काळात दक्षिणेकडे जाते. वर्षाअखेर उरते ती उत्तरेकडची वजाबाकी. गाळ किती साचेल हे पाहताना मात्र दोन्ही दिशांची बेरीजही लागते.

आलेला आकडा जुन्या भिंतीपाशी पडताळावा. वाळू हलते तो थर 8 मीटर जाडीचा असेल आणि 1 किलोमीटर किनारा 1 मीटर पुढे सरकला असेल, तर 8,000 घनमीटर वाळू साठली, असे धरता येते. हे सूत्र लाटांची वाळू वाहून नेण्याची क्षमता सांगते, प्रत्यक्ष उपलब्ध वाळू नव्हे. कोकणात खडकाळ भूशिरांमध्ये अडकलेल्या लहान पुळणींना ते जसेच्या तसे लावल्यास मोठा आणि निरुपयोगी आकडा हाती येतो.