फौजदारी वकील नेमताना या चुका टाळा

घरातल्या कुणाला अटक झाली की नातेवाईक पोलीस ठाण्याकडे धावतात. तिथेच कुणीतरी सांगतं, "आपल्या ओळखीचे वकील आहेत, साहेबांशी त्यांचं चांगलं जमतं." त्या घाईत वकीलपत्रावर सही होते. तपास अधिकाऱ्याशी जमणारा वकील पोलीस कोठडीला कितपत विरोध करील, याचा विचारच होत नाही. खरं तर सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यायला हवी. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. अटकेची कारणं सांगितली का, घरच्यांना कळवलं का, मारहाण झाली का, हे सगळं त्या पहिल्या रिमांडलाच, म्हणजे कोठडी द्यायची की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवतात तेव्हाच, बोलायचं असतं. तिथे गप्प उभा राहणारा वकील फार महागात पडतो.

मनाजोगता वकील मिळेपर्यंत आरोपीला एकटं सोडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधा किंवा १५१०० वर फोन करा. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ, या समजापायी लोक दागिने गहाण टाकतात. त्याची गरज नसते.

जमिनीचे दावे उत्तम चालवणारा घरचा वकील फौजदारीतही चालेल, असं धरून चालू नका. जो वकील नेमायचा विचार आहे तो फौजदारी खटले चालवतो त्या न्यायालयात अर्धा दिवस मागच्या बाकावर बसा आणि तो उलटतपासणी कशी घेतो ते स्वतः पाहा. बहुतेक खटले खुल्या न्यायालयातच चालतात.

"जामीन शंभर टक्के" असं म्हणणाऱ्यापासून दूर राहा. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. "वर द्यावे लागतील" म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून उठाच, कारण ती लाच आहे आणि त्यात तुम्हीही अडकाल. रिमांड, जामीन अर्ज, खटला, उच्च न्यायालय यांची फी वेगवेगळी ठरवून लिहून घ्या, पावती मागा.

दोषारोपपत्राची, म्हणजे पोलिसांनी तपासानंतर न्यायालयात द्यायच्या आरोपांच्या कागदपत्रांची, मुदत कधी संपते ती तारीख वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. आरोपी कोठडीत असताना ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. हे दिवस पहिल्या रिमांडपासून मोजतात. पण मुदत संपताच, दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. ती वेळ हुकली की हा हक्क जातो.

वकिलापासून काही लपवू नका. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. त्याच गोष्टी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नका, तिथे तसं संरक्षण नाही.

वकील फोन उचलत नसेल तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अॅपवर खटल्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून प्रत्येक तारखेला काय झालं ते बघा. तो बदलायचा असेल तर नव्या वकीलपत्रावर जुन्याची ना-हरकत घ्या. ती मिळाली नाही तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. फी बाकी आहे म्हणून कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केलं आहे.