लग्न तोंडावर आलंय? मग पील आता नको
केमिकल पील (चेहऱ्यावर आम्लाचं द्रावण लावून त्वचेचा वरचा थर काढणं) करायचंच असेल तर शेवटचं सिटिंग लग्नाच्या निदान ३-४ आठवडे आधी उरका. ग्लायकोलिक आम्लाच्या पीलसारख्या सौम्य पीलनंतरही काही दिवस नाकाच्या कडेला, हनुवटीवर बारीक पापुद्रे सुटतात. ते नखाने ओढू नका! आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर नेमके तिथेच काळे डाग उठतात आणि जायला महिने घेतात. रात्री रेटिनॉलचं क्रीम लावत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ते काही दिवस थांबवावं लागतं. ब्लीच, वॅक्सिंग, स्क्रबही बंद. किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन मात्र रोज, उन्हात असाल तर दर २ तासांनी पुन्हा. आणि स्वस्तात होतंय म्हणून पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा.