पावसाआधी तळ्याचं तोंड बांधा: परका मासा नाल्यात उतरू देऊ नका

जानापावच्या डोंगरावरून साडेसात नद्या निघतात, असं इंदूरजवळच्या महूकडचे लोक सांगतात. त्यांतल्या चंबळ आणि गंभीर उत्तरेला वळतात आणि त्यांचं पाणी शेवटी यमुनेला मिळतं. चोरल आणि कारम घाट उतरून नर्मदेत जातात. म्हणून महू-मानपूरकडे ज्यांचं शेततळं आहे त्यांनी ज्येष्ठातच आपल्या तळ्याचं जादा पाणी कोणत्या नाल्याला लागतं ते चालत जाऊन पाहावं. सांवेर-देपालपूरच्या शेतकऱ्यांचं पाणी क्षिप्रा-गंभीरमार्गे चंबळेतच जातं. तळ्यात कोणतं मत्स्यबीज (माशांची पिल्लं) सोडायचं हे आधी त्या नाल्यावरून ठरवायचं, भावाचा विचार त्यानंतर.

कटला, रोहू, मृगळ (इथले केवट, म्हणजे मासेमार, त्याला नरेन म्हणतात) हे गंगा खोऱ्याचे मासे, त्यामुळे चंबळेच्या अंगाला ते घरचेच. कालबासू, पढीन, सिंघाड, सांवल, देशी मागूर हेही आपले. नर्मदेची ओळख म्हणजे महसीर, तिकडच्या बोलीत बाडस. 2011 पासून तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि तळाला गोटे लागतात. धरणांमुळे नर्मदेचं पाणी जागोजाग थांबलं आणि त्याची अंडी घालायची जागा आक्रसली. चोरलसारख्या घाटातल्या नद्या त्याच्यासाठी किती मोलाच्या आहेत हे यावरून समजावं, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी दुप्पट जपावं.

परके मासे आपल्याकडे मुद्दाम आणलेले आहेत. सायप्रिनस (कॉमन कार्प) 1939 मध्ये आला, तिलापिया 1952 मध्ये, चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) 1959 मध्ये. प्रत्येकाची खोड वेगळी. सायप्रिनस तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि साठलेल्या पाण्यातही गवतावर अंडी घालतो. तिलापियाची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते, आणि तळं बोटभर माशांनी भरून जातं. चंदेरा कटल्याचंच खाद्य खातो. हिमाचलात गोविंदसागर जलाशयात तो 1971 च्या सुमारास मत्स्यशेतीच्या केंद्रातून पुराच्या पाण्याबरोबर शिरला. पुढे तिथे तोच मुख्य मासा झाला आणि कटला मागे पडला. एका पुरात जे घडलं ते नंतर कुणालाही उलटवता आलं नाही. आपल्या तळ्याच्या सांडव्याकडे मी याच नजरेनं पाहतो.

माझा सल्ला सरळ आहे. ज्या तळ्याचं पाणी भरल्यावर नाल्याला जातं, तिथे फक्त कटला, रोहू, मृगळ ठेवा. प्रमाण तीन, चार, तीन. हेक्टरी पाच हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुरेत, म्हणजे हजार चौरस मीटरच्या तळ्याला पाचशे. बोटुकली आठ-दहा सेंटिमीटरची असावी. जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, स्वस्त पडतं, पण बहुतेक मरतं. प्लास्टिक अंथरलेलं, चहूबाजूंनी बंद तळं असेल आणि त्यात पाणवनस्पती माजत असेल, तर थोडे गवत्या चालतील. तिलापिया मात्र बंद तळ्यातही नको.

थाई मागूरचा तर विचारच करू नका. हा मूळचा आफ्रिकेचा मासा, त्याच्या पालनावर 2000 पासून देशभर बंदी आहे. तो हवेतून श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो, म्हणजे जाळीही त्याला पुरत नाही. लहानपणी देशी मागूरपासून ओळखायला अवघड, म्हणून मागूरचं बीज घेणाऱ्यानं शासकीय किंवा नोंदणी असलेल्या केंद्राखेरीज कुठे जाऊ नये. पावती मागा.

आता सांडव्याचं काम. अनेक जण सांडव्याच्या तोंडावर जाळी ठोकतात आणि मोकळे होतात. पहिल्याच मोठ्या पावसात पालापाचोळा, सोयाबीनचा जुना कुटार येऊन ती गच्च होते, पाणी बांधावरून जातं, बांध फुटतो आणि सगळे मासे नाल्यात. म्हणून जाळी तोंडापेक्षा खूप रुंद, अर्धगोल पिंजऱ्यासारखी पुढे काढून लावा. बाहेर मोठ्या भोकांची, आत बारीक नायलॉनची, अशी दुहेरी. बांध भरल्या पाण्याच्या वर किमान हातभर राहू द्या. पाऊस उघडला की जाळी साफ करायची जबाबदारी घरातल्या एकावर सोपवा. पाणी आत येतं तिथेही बारीक जाळी हवीच, नाहीतर पढीन आणि सांवल शिरून तुमचं बीज फस्त करतील.

जुन्या तळ्यात नको असलेले मासे असतील तर बीज सोडण्याच्या तीन आठवडे आधी मोहाची पेंड टाका: हेक्टरी मीटरभर पाण्याला 2500 किलो. नंतर तिचं खत होतं. ते पाणी तेवढे दिवस नाल्यात जाता कामा नये. कीटकनाशक टाकून मासे मारायचा मार्ग कधीही नको. चुना सामू तपासूनच टाका. आपल्या काळ्या मातीचं पाणी मुळातच अल्कधर्मी असतं.

पहिल्या पुराला नाल्यात चढणीचे मासे येतात, आणि पोरं टोपल्या घेऊन धावतात. ते मासे अंड्यांनी भरलेले असतात. 16 जून ते 15 ऑगस्ट नद्यांत आणि त्यांना जोडलेल्या पाण्यात मासेमारी बंद असते. मोडली तर शिक्षा आहे. घरी पोरांना हे समजावून सांगा. याच दिवसांत सोयाबीनवर फवारणी सुरू होते. पायरेथ्रॉइड गटाची औषधं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात, तेव्हा पंप नाल्यावर किंवा तळ्याच्या काठी धुऊ नका.

इंदूरला राहणाऱ्या नातेवाइकांनाही सांगा: काचेच्या पेटीतले कंटाळवाणे झालेले मासे सिरपूर किंवा यशवंतसागरात सोडायचे नाहीत. 2022 पासून ही दोन्ही पाणथळं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आहेत.

आणि तुमच्या तळ्यात थाई मागूर किंवा तिलापिया आधीच असेल, तर पावसाची वाट पाहू नका. आत्ता पाणी कमी आहे तोवर तळं उपसून कोरडं करा, उपसा नाल्यात न सोडता जाळीतून गाळून शेतात घ्या, थाई मागूर मारून खोल पुरा आणि जिल्ह्याच्या मत्स्य विभागाला कळवा. चिखलातही तो जिवंत राहतो, तेव्हा तळ पूर्ण सुकून तडे पडल्याशिवाय नवं बीज आणू नका.